शेजारी कुणाला अगोराफोबिया असेल तर आधारगट कसा बांधायचा

सोसायटीतल्या एखाद्या काकू दोन वर्षांत गेटबाहेर गेलेल्या नाहीत हे कळलं की चार चांगली माणसं मदतीला धावतात. पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर काकूंना हौसेने थेट मंडईत किंवा देवदर्शनाला नेलं जातं, तिथे पॅनिक अटॅक (धडधड, घाम यांसह अचानक उसळणारा भीतीचा झटका) येतो आणि त्यानंतर काकू दारही किलकिलंच उघडतात. नाहीतर भाजी, औषधं, बँक, लाइट बिल सगळं शेजारीच करू लागतात आणि काकूंना बाहेर पडायचं कारणच उरत नाही. मन दोन्हीकडे चांगलंच असतं, चुकतो तो क्रम. आधी काय, मग काय आणि मदत केव्हा काढून घ्यायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

मदत करणाऱ्याला आजाराची ओळख हवी. अगोराफोबियात भीती अडकण्याची असते: इथून पटकन निघता आलं नाही तर? मला काही झालं आणि कुणी आलंच नाही तर? बस-लोकल, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी आणि घराबाहेर एकटं असणं, या पाच प्रकारांपैकी किमान दोन ठिकाणी अशी तीव्र भीती वाटत असेल आणि ती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली असेल, तर तज्ज्ञ या निदानाचा विचार करतात. पुरुषांमध्येही हा आजार असतो. घरून काम करणाऱ्याचा तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा १ : आधी त्या व्यक्तीशी बोला, मग इतरांशी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “आपल्या बी विंगमधल्या काकूंना मदतीची गरज आहे” असा मेसेज पडला की काम सुरू होण्याआधीच बिघडलं. ज्या माणसाला चारचौघांत आपलं काही बिनसेल याचीच भीती आहे, त्याचं नाव तुम्ही चारचौघांत नेलंत.

ज्याचं त्या घरी सहज येणं-जाणं आहे अशा एकाच व्यक्तीने बोलायला जावं, आणि चार प्रश्न विचारावेत:

१. मदत हवी आहे का? नको असेल तर आत्ता नको की कधीच नको?
२. कुणाकुणाला सांगितलेलं चालेल? नावं त्यांच्याच तोंडून येऊ द्या.
३. आजाराबद्दल लोकांना काय सांगायचं? “बरं नसतं” एवढंच सांगायचं असेल तर तेवढंच.
४. कुठे जाता यावंसं वाटतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा, पुढची सगळी आखणी त्यावरच होते. “मला बरं व्हायचंय” हे उत्तर पुरेसं नाही. “मुलुंडला बहिणीकडे जायचंय”, “नातवाच्या शाळेचं गॅदरिंग बघायचंय” अशी जागा आणि माणूस असलेलं उत्तर हवं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तो डॉक्टर-रुग्णालयांना लागू आहे, पण आधारगटानेही त्याच शिस्तीने वागावं. अपवाद एकच. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर गुपित सांभाळत बसू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगा, १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.

तपासा : बाहेर न पडण्याचं कारण खरंच भीती आहे का? कधी गुडघे कारण असतात, कधी पडण्याची धास्ती, कधी नैराश्यामुळे अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. आणि काही घरांत बाईला बाहेर जाऊच दिलं जात नाही, वर “तिला बाहेर आवडत नाही” असं सांगितलं जातं. म्हणून हे पहिलं बोलणं एकांतात व्हायला हवं. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना मिळालेलं उत्तर धरू नका.

## टप्पा २ : उपचारांची घडी बसवा

आधारगट म्हणजे उपचार नव्हेत. औषधं, थेरपी आणि सोबतची माणसं यांतलं तुमचं काम तिसरं.

आधी फॅमिली डॉक्टरकडून तपासणी होऊ द्या. थायरॉइड, रक्तातलं लोह, हृदयाचे ठोके, कानाच्या त्रासामुळे येणारी चक्कर यांतून धडधड आणि भोवळ येऊ शकते. हे पाहिलेलं असलं की पुढे प्रत्येक धडधडीला “हार्ट अटॅक तर नसेल?” हा प्रश्न थोडा सैल पडतो.

मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दवाखान्यापर्यंत जाताच येत नाही ही इथली मूळ अडचण, त्यामुळे सुरुवात फोनवरून करायला काहीच हरकत नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांची बाह्यरुग्ण सेवा असते. “मनोरुग्णालय” हा शब्द ऐकून घरचे बिचकतात, तेव्हा ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे, हे आधीच समजावून सांगा.

या आजारावर सर्वांत भक्कम आधार आहे तो एक्स्पोजरसह सीबीटीचा. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, आणि एक्स्पोजर म्हणजे भीती वाटणाऱ्या जागांना ठरवून, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. सोबत एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर वापरली जाणारी, औषधं दिली जातात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला काहींना बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटते. नेमक्या त्याच दिवसांत कुणी शेजारी “ती औषधं वाईट असतात, सवय लागते” म्हणतो आणि गोळ्या बंद होतात. तुमच्या गटातला कुणीही असं बोलणार नाही, हे पक्कं करा.

सावधान : अल्प्राझोलामसारख्या, चिंता लगेच कमी करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, हे खरं. पण रोज घेत असलेली गोळी एकदम थांबवणं धोक्याचं आहे. कमी करायची की नाही आणि कशी, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःच्या पाकिटातली गोळी दुसऱ्याला देणं तर अजिबात नको.

## टप्पा ३ : माणसं थोडी, कामं ठरलेली

तीन ते पाच माणसं पुरतात. दहा झाली की कुणीच जबाबदार राहत नाही आणि गोष्ट गावभर होते.

एक जण समन्वय बघेल: वेळा ठरवणं, नोंदी ठेवणं आणि परवानगी असेल तर थेरपिस्टशी बोलणं. दोघे-तिघे आलटून पालटून सोबत जातील. एक जण घरच्यांकडे लक्ष देईल. सोबतीला एकच व्यक्ती ठेवू नका. काही महिन्यांत “मनीषा असेल तरच जाईन” अशी गाठ बसते, मग मनीषा माहेरी गेली की सगळं ठप्प.

कुणाला घ्यायचं? जो वेळ पाळतो, कमी बोलतो आणि अर्धा तास नुसता शेजारी उभा राहू शकतो त्याला. कुणाला नाही? “माझ्या मावशीलाही असंच होतं, ती अमुक करून बरी झाली” हे सांगितल्याशिवाय ज्याला राहवत नाही त्याला. तो माणूस वाईट नसतो, त्याला औषधं आणून द्यायचं काम द्या.

घाईत असणारा माणूस तर नकोच. सोबत्याने घड्याळाकडे पाहिलेलं काकूंना सगळ्यात आधी दिसतं.

## टप्पा ४ : घरात आत्ता काय चाललंय ते लिहून काढा

घरच्यांसोबत बसून एक कागद करा. काकूंऐवजी कोण काय करतं? दूध नवरा आणतो, भाजीवाला दारात येतो, बँकेत मुलगा जातो, लग्नाच्या आमंत्रणाला “हिला बरं नाही” असं सून कळवते. ही कामं प्रेमापोटीच होतात, पण टळलेल्या प्रत्येक फेरीसोबत भीतीचं म्हणणं खरं ठरत जातं.

हे सगळं एका दिवसात बंद करायचं नाही. उद्यापासून भाजी तूच आण, हा उपाय नव्हे, ती शिक्षा झाली. पुढच्या टप्प्यात जी पायरी येईल तिच्याशी जोडलेलं एकेक काम काकूंकडे परत द्यायचं.

घरच्यांनाही थकवा असतो. नवऱ्याने कित्येक वर्षांत गावची जत्रा पाहिलेली नसते, मुलीने नोकरी घराजवळचीच धरलेली असते. त्यांचा राग कधीतरी बाहेर येतोच. तो काकूंसमोर येण्यापेक्षा तुमच्यासमोर आलेला बरा, म्हणून घरच्यांसाठीचा माणूस वेगळा ठेवायचा.

## टप्पा ५ : पायऱ्यांची यादी

ही यादी काकू आणि त्यांचा थेरपिस्ट मिळून करतात. तुम्ही लिहून घेता आणि परिसराची माहिती पुरवता: लिफ्ट कधी बंद असते, दुकानात गर्दी केव्हा नसते, रस्त्यात बसायला कट्टा कुठे आहे.

प्रत्येक प्रसंगापुढे ० ते १० असा भीतीचा आकडा काकूंनीच टाकायचा. तुम्हाला लिफ्टपेक्षा रस्ता अवघड वाटेल, त्यांना उलटही वाटू शकतं. समजा काकू ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांना मुलुंडला बहिणीकडे जायचं आहे. यादी साधारण अशी होईल:

१. दार उघडं ठेवून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत (२)
२. सोबत्याबरोबर जिन्याने खाली, वॉचमनच्या केबिनपाशी दहा मिनिटं (३)
३. तिथेच, पण सोबती वर घरात (४)
४. गेटबाहेर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, सोबत्याबरोबर (४)
५. त्याच वाण्याकडे, सोबती गेटपाशी (५)
६. पुढे दोन गिऱ्हाइकं असताना रांगेत थांबून एक वस्तू घेणं (६)
७. लिफ्टने खाली-वर, एकटीने (६)
८. रिक्षाने दोन चौक जाऊन परत, सोबत्याबरोबर (७)
९. स्टेशनवर दुपारी बाकावर बसून तीन-चार गाड्या जाऊ देणं (७)
१०. धीम्या लोकलने ठाणे ते मुलुंड, सोबत्याबरोबर (८)
११. तोच प्रवास, सोबती शेजारच्या डब्यात (९)
१२. एकटीने (१०)

पाचवी पायरी चौथीपेक्षा अंतराने एक पाऊलही लांब नाही, बदलली आहे ती फक्त सोबत्याची जागा. हौशी गट नेमकं इथेच चुकतात: ते अंतर वाढवत नेतात आणि सोबत तशीच ठेवतात. मग काकू मुलुंडपर्यंत पोहोचतात खऱ्या, पण कुणीतरी हात धरलेला असेल तरच.

स्थानिक बारकावेही यादीतच लिहा. रिक्षावाल्याला बसण्याआधीच सांगा की दोन चौक जाऊन लगेच परत यायचं आहे, भाडं ठरवून घ्या. शेअर रिक्षा नंतरच्या पायरीला ठेवा, कारण मध्येच उतरता येत नाही आणि दोघांच्या मध्ये बसावं लागलं तर कोंडल्यासारखं होतं. जलद लोकलही नंतर, तिच्यात दोन थांब्यांमधला वेळ जास्त. सोबती पुरुष असेल तर महिलांच्या डब्यात येऊ शकणार नाही, तेव्हा डबा कोणता हे आधी ठरवा. पहिल्या फेऱ्यांना दुपारची वेळ बरी, पण गर्दीची वेळ ही पुढची पायरी म्हणून यादीत यायलाच हवी.

तपासा : पहिली पायरी ऐकून काकू “एवढं तर जमेल” म्हणाल्या का? नसतील तर ती पहिली पायरी नव्हे, तिच्या खाली आणखी एक शोधा. दारात खुर्ची टाकून पाच मिनिटं बसणं हीसुद्धा पायरी आहे.

## टप्पा ६ : बाहेर पडण्याचा दिवस

निघण्याआधी. वहीत एक ओळ काकूंच्या हाताने: “काय होईल असं वाटतंय?” उदाहरणार्थ, “रांगेत उभी राहिले तर चक्कर येऊन पडेन, लोक जमतील.” मग किती वेळ थांबायचं ते ठरवा. आजची पायरी वाण्याची असेल तर वाण्यापर्यंतच. “आलोच आहोत तर देवळात जाऊन येऊ” हे वाक्य त्या दिवशी कुणीही उच्चारायचं नाही. एकदा असं फसवलं गेलं की पुढच्या वेळी काकू तुमच्याबरोबर जिनाही उतरणार नाहीत.

चालताना. नेहमीच्या गप्पा चालतात, पण सतत लक्ष दुसरीकडे वळवत राहू नका. भीती वाटतेय आणि तरीही मी इथे उभी आहे, हे काकूंना अनुभवू द्यायचं आहे. “बरं वाटतंय ना?” दर मिनिटाला विचारू नका. मध्ये एकदा “आत्ता किती?” एवढं पुरे. त्या आकडा सांगतील, तुम्ही मान हलवा.

अटॅक आला तर. पॅनिक अटॅक काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, टोकाला जातो आणि मग उतरू लागतो. त्या वेळात शक्यतो तिथेच थांबायचं, फार तर दोन पावलं बाजूला, कट्ट्यावर. आवाज न चढवता बोला:

“काकू, मी इथेच आहे. हा तोच अटॅक आहे, तो उतरतो. आपण इथेच थांबू, घाई नाही.”

“काही होत नाहीये तुम्हाला”, “मन खंबीर करा”, “लोक बघतायत” ही तीन वाक्यं टाळा. त्यांना होतंय ते खरंच होतंय. लोक जमले तर कांदा हुंगवायला, तोंडावर पाणी मारायला पुढे येतात. अशा वेळी दुसरा सोबती उपयोगी पडतो: “काका, आम्ही आहोत, थोडी हवा येऊ द्या.” कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. श्वास सोडताना सावकाश सोडायला सांगितलं तर चालतं.

थोडं ओसरल्यावर विचारा, “अजून दोन मिनिटं थांबायचं की निघायचं?” निर्णय त्यांचा. भीती टोकाला असताना पळत घरी गेलं तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. थोडी उतरल्यावर निघालं तर वेगळं काही शिकतो. पण जबरदस्तीने धरून ठेवायचं नाही, कधीच.

सावधान : छातीत दाबल्यासारखं दुखणं हात-जबड्याकडे सरकतंय, माणूस खरोखर बेशुद्ध पडलाय, धाप कमीच होत नाहीये किंवा असं दुखणं पहिल्यांदाच होतंय, तर पॅनिक असेल असं धरून बसू नका. १०८ ला फोन करा.

परतल्यावर. वहीत दुसरी ओळ: “काय झालं?” “धडधडलं, घाम आला, पडले नाही. वाण्याने साखर दिली.” या दोन ओळी एकाखाली एक वाचणं हे सगळ्या फेरीतलं मोलाचं काम आहे, ते चहाच्या गडबडीत राहून जाऊ देऊ नका. टाळ्या, पेढे, स्टेटसवर फोटो नको. “उद्या पुन्हा याच वेळी?” हे पुरेसं कौतुक आहे.

एकच पायरी आठवड्यातून बऱ्याच वेळा हवी. रविवारी एकदा मोठी फेरी आणि मग सहा दिवस काही नाही, याने प्रगती होत नाही. पुढे जायचं ते आकडा शून्यावर आल्यावरच असंही नाही. “भीती वाटली तरी निभावते” असं काकू म्हणू लागल्या की वरची पायरी घ्या.

## टप्पा ७ : सोबत काढून घ्या

ज्या दिवशी मदत सुरू होते त्याच दिवशी ती कमी कशी होणार हे कागदावर असावं. शेजारी चालणं, मग दहा पावलं मागे, मग गेटपाशी, मग फोनवर, मग फोनही खिशात. फोनची पायरी बऱ्याच गटांकडून सुटते. काकू एकट्या जातात, पण पूर्ण वेळ कानाला फोन. ती सोबतच झाली.

आधाराच्या इतर वस्तूही असतात: पाण्याची बाटली, पर्समधली गोळीची पट्टी, भिंतीला धरून चालणं, दुकानात दाराशीच उभं राहणं. या एकेक करून, थेरपिस्टच्या सल्ल्याने सुटतात. तुम्ही पर्स तपासायची नाही.

## टप्पा ८ : परिसराकडून काय मागायचं

थोडंच मागा. लिफ्ट बंद राहणार असेल तर नोटीस आदल्या दिवशी लागावी. सोसायटीच्या सभेत दाराजवळची खुर्ची मिळावी आणि मध्येच उठून गेलं तर कुणी हाक मारू नये. हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला दर वेळी बोलवावं आणि नाही आल्या तर कारण विचारू नये. बोलावणंच बंद करणं ही सगळ्यात सहज होणारी आणि सगळ्यात लागणारी चूक आहे. वाण्याला काकूंची परवानगी असेल तरच सांगा, आणि एवढंच: “त्या आल्या तर घाई करू नका.”

आजार असलेले दोघे-तिघे परिसरात निघाले आणि त्यांना भेटायचं असेल, तर पहिली भेट फोनवर, पुढची एखाद्याच्या घरी आणि नंतर बागेत ठेवा. भेटीत लक्षणांची उजळणी मर्यादित ठेवा. कुणी कोणती पायरी केली आणि पुढची कोणती, यावर जास्त वेळ द्या.

## टप्पा ९ : खंड पडला तर

पडणारच. जुलैत आठ दिवस पाऊस कोसळतो, घरात ताप येतो, जवळचं कुणी जातं. त्यानंतर सहाव्या पायरीवरची व्यक्ती वॉचमनच्या केबिनपाशी थरथरते आणि घरचे म्हणतात, “सगळं पाण्यात गेलं.” गेलेलं नसतं. दोन पायऱ्या खाली उतरा आणि तिथून रोज सुरू करा, दुसऱ्या वेळी चढण सहसा लवकर होते. दोन-तीन आठवड्यांत काहीच हाललं नाही, झोप-जेवण बिघडलं किंवा रडू थांबत नसेल तर थेरपिस्टला कळवा.

पाऊस लांबणार असं दिसताच जिन्यातल्या आणि लिफ्टमधल्या पायऱ्या चालू ठेवा, त्यांना छत्री लागत नाही. आणि खंड पडलाच, तर समन्वयकाने फोन करून “कशा आहात” एवढ्यावर न थांबता पुढच्या फेरीचा दिवस, वेळ आणि सोबत्याचं नाव फोन ठेवण्याआधी ठरवून वहीत लिहायचं.